न्ताते मोहापींचा नमस्कार आणि गाडीचं दार

गाडी लावल्यापासून दुकानाच्या दारापर्यंत पोहोचायला न्ताते मोहापींना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात दुसऱ्या माणसाची अख्खी खरेदी आटपायची. पाय चांगले होते त्यांचे. अडचण माणसांची होती. दक्षिण आफ्रिकेतल्या मांगाउंगमध्ये असा रस्ताच नव्हता, जिथे त्यांना ओळखून 'न्ताते', म्हणजे बाबा, अशी हाक मारणारं कुणी भेटणार नाही. उभं आयुष्य त्यांनी बेकरीची गाडी चालवली होती. भट्टीवरून निघायचं आणि वस्तीतल्या प्रत्येक छोट्या दुकानात पावाचे ट्रे उतरवायचे. ज्या पोरांच्या हातावर त्यांनी शाळेच्या वाटेवर गरम पावाचा तुकडा ठेवला होता, ती आता कुणी पोलिसात होती, कुणी बँकेत, एकदोन तुरुंगातही. जी बाहेर होती ती भेटली की थांबायची.

आणि न्ताते मोहापी नुसतं "दुमेला", म्हणजे नमस्कार, म्हणून पुढे सटकणाऱ्यांतले नव्हते. हातात काही असेल तर ते आधी खिशात जायचं. मग उजवा हात पुढे यायचा, डावा हात मान देण्यासाठी उजव्या कोपराखाली जायचा. बरे आहात का? घरचे बरे आहेत? आईचा गुडघा कसा आहे? धाकटीचा दाखला मिळाला का? उत्तरं पूर्ण होईपर्यंत समोरच्याचा हात त्यांच्या हातातच राहायचा. घाईत असलेल्या माणसालाही तो सोडवून घ्यावासा वाटत नसे.

त्यांची लेक सेईपाती लहानपणी या हात धरण्याला फार कंटाळायची. त्यांच्या कोटाचं टोक धरून ती उभी राहायची आणि मोठ्यांचे गुडघे मोजायची. आता ती दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला होती, आणि कंटाळण्याऐवजी काळजी करायची.

काळजीचं कारण गाडी होती. निवृत्त झाल्यावर न्तातेंनी एक जुनी पांढरी करोला घेतली होती. तिच्यातून कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला पेन्शनच्या रांगेत सोडायचं, आणि दर गुरुवारी दुपारी आसपासच्या तीन आज्यांना चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनेला घेऊन जायचं. प्रार्थनेला जाताना लाल जाकीट, काळा स्कर्ट आणि पांढरी टोपी घालायची रीत. टोपीला सुरकुती पडू नये म्हणून आज्या ती गाडीत मागच्या काचेशी ठेवायच्या आणि चर्चच्या दाराशी उतरल्यावरच डोक्यावर चढवायच्या.

ही करोला गेल्या काही महिन्यांत दोनदा रिकामी झाली होती. काच फुटली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं. चोर पार्किंगमध्येच कुठेतरी दुसरा एक रिमोट दाबून बसलेला असतो. मालक आपला रिमोट दाबतो, पण त्याचा इशारा गाडीपर्यंत पोचतच नाही. दार उघडं ते उघडंच राहतं. मालकाने पाठ फिरवली की चोर स्वतःच्याच गाडीत बसावं तसा आरामात बसतो. यावर उपाय सगळ्या शहराला पाठ होता. रिमोट दाबला की दाराचं हँडल एकदा ओढून पाहायचं. पार्किंगच्या खांबांवर तशा पाट्याही होत्या.

पहिल्यांदा गेली ती स्टेपनी आणि न्तातेंचं स्वेटर. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा मात्र त्या तीन आज्यांपैकी न्खोनो मासेबाताचं लाल जाकीट आणि टोपी गेली. ऊन होतं म्हणून आजीने जाकीट काढून सीटवर ठेवलं होतं. त्या गुरुवारी न्खोनो मासेबाता तपकिरी घरगुती स्वेटरमध्ये प्रार्थनेला गेली आणि सगळ्यांत मागे, दाराशी बसली. एरवी पहिलं भजन तिच्या गळ्यातून निघायचं. बाहेर गाडीत बसलेल्या न्तातेंना त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात भजन सुरू झालेलं ऐकू आलं.

"देवाला माझा चेहरा ठाऊक आहे, मोहापी. कपडे नसले तरी ओळखेल," परत येताना आजी म्हणाली.

जोहान्सबर्गहून थोरल्या मुलाचा, पित्सोचा फोन आला. "विका ती गाडी, न्ताते. तुमच्याच्याने आता होत नाही."

सेईपातीला वाटलं, न्ताते चिडतील. ते चिडले नाहीत. "माझं गेलं असतं तर तुला गप्प बसवलं असतं," ते म्हणाले. "पण दुसऱ्याचं गेलं. पुन्हा एकदा असं झालं तर किल्ली तुझ्या हातात देईन."

घरात सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस शब्द फिरवत नाही. सेईपातीच्या डोळ्यांसमोर फाटकाजवळची प्लॅस्टिकची खुर्ची आली. गाडी गेली की न्ताते त्या खुर्चीत बसून राहणार, आणि रस्त्याने कुणी जाईल याची वाट बघणार.

"मी करते काहीतरी," ती म्हणाली.

"काय करशील? गाडीला कुत्रं बांधशील?" तिची आई, म्मे मापित्सो, भाजी चिरता चिरता म्हणाली.

सेईपातीने अ‍ॅप बनवायला घेतलं. गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना तिने विचारलं, तुम्ही हँडल ओढून पाहता का? सगळे म्हणाले, हो तर! मग ती बाजाराच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तिने पाहिलं, तर कुणीच ओढत नव्हतं. म्हणजे आठवण करून द्यायला हवी, तीही जोरात, असा तिने सरळ हिशेब केला. फोनच्या हालचालीवरून गाडी थांबली आणि माणूस चालू लागला हे ओळखता येतं. तसं झालं की पडदा लाल व्हायचा आणि खुद्द सेईपातीच्या आवाजात फोन ओरडायचा, "थांबा! दार ओढून पाहिलंत का?" पडद्यावरचं "हो" दाबेपर्यंत तो थांबायचा नाही. तिला स्वतःचं काम फार आवडलं. न्तातेंच्या फोनमध्ये तिने ते घालून दिलं.

दोन-तीन आठवड्यांनी तिने फोनमधल्या नोंदी उघडल्या आणि चक्रावली. इशारा एकदाही वाजला नव्हता. अ‍ॅपच्या मते गाडीतून कुणी उतरलंच नव्हतं.

जेवताना तिने विषय काढला. "न्ताते, तुमचा फोन कुठे असतो?"

"गाडीत."

"गाडीत कुठे?"

"सीटखाली. कुणाला दिसत नाही."

म्मे मापित्सोच्या हातातला पापचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, घास ताटात पडला, इतकं तिला हसू आलं. "वा रे वा! चोराला अडवायचं यंत्र, ते हा माणूस चोरासाठीच ठेवून जातो!"

"ओरडतं ते," न्ताते ताटाकडे बघत म्हणाले.

"ओरडायलाच पाहिजे, म्हणून तर बनवलंय!" सेईपाती म्हणाली. "शनिवारी मी येते तुमच्याबरोबर. फोन खिशात ठेवायचा. काय अडतं ते बघू तरी."

शनिवारी दोघं सुपरमार्केटला गेले. तिथे गाड्या सांभाळायला हिरवं चमकतं जाकीट घातलेला लेबेको असायचा. मूळचा लेसोथोच्या डोंगरातला, लांबलचक, थोडा पोक काढून चालणारा. करोला दिसली की तो दुरूनच हात हलवून जागा दाखवायचा. सेईपाती मुद्दाम जरा मागे राहिली. न्ताते उतरले. लेबेको समोरून येतच होता. न्तातेंचा चेहरा त्याच्याकडे वळला, अंगठ्याने रिमोट दाबला गेला, किल्ली खिशात गेली आणि दोन्ही हात नमस्काराला मोकळे झाले. दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दुमेला, न्ताते!"

"दुमेला, अबुती!" धाकट्या भावाला घालावी तशी न्तातेंनी साद घातली. "बरा आहेस? डोंगरात थंडी पडली का? आईचं कसं?"

"आईने शेळी विकली, न्ताते. गुडघ्याच्या औषधाला. आता शेळीची आठवण काढून रडते."

"अरे, गुडघा बरा झाला की नवी शेळी हाकायला..."

तेवढ्यात त्यांच्या खिशातून सेईपाती ओरडली, "थांबा! दार ओढून पाहिलंत का?"

लेबेको दचकला. न्ताते एका हाताने खिसा चाचपू लागले. फोन काही हाताला लागेना. "थांबा! दार ओढून पाहिलंत का? थांबा!" शेजारच्या गाडीत सामान भरणारी बाई वळून पाहू लागली. सेईपातीने धावत जाऊन फोन काढला आणि बंद केला.

लेबेको हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "बघा की ओढून, न्ताते. मी बाजूला होतो. खिसेही दाखवू का?"

"तसं नाही रे..."

"नाही, नाही. या आउसीचं, ताईचं, बरोबर आहे. काळ वाईट आहे." हात हळूच सोडवून घेऊन तो दुसऱ्या गाडीकडे गेला.

न्ताते दाराकडे गेले नाहीत. तसेच तडक दुकानात शिरले. सेईपाती मागोमाग गेली. मक्याच्या पिठाच्या पोत्यांपाशी त्यांनी तिला गाठू दिलं.

"न्ताते, दार तरी ओढायचं होतं! आता उघडं राहिलं असेल तर?"

"राहू दे."

"राहू दे? पुन्हा चोरी झाली तर किल्ली द्यायची आहे, विसरलात?"

"नाही विसरलो." त्यांनी एका पोत्यावर हात टेकला. "पोरी, तो माणूस उन्हातान्हात माझी गाडी राखतो. तो मला त्याच्या आईचं दुखणं सांगतोय, आणि मी त्याला पाठ दाखवून दार हिसकून पाहू? त्याच्या तोंडावर?"

"पण संशय त्याच्यावर नाहीये. चोर वेगळाच कुणी असतो."

"मला कळतं ते. त्याला कसं कळणार? मी बेकरीत असताना एक साहेब रोज माझ्यासमोर ट्रे मोजायचा. चोरी कधीच निघाली नाही. तरी तो मोजायला लागला की मी जमिनीकडे बघायचो. घरी गेल्यावर ते बोलणारं काढून टाक."

परत आले तेव्हा गाडीला कुलूप लागलेलंच होतं. तिच्यापासून जरा दूर लेबेको उभा होता. त्याने गाडी मागे घ्यायला हात दाखवला, नाणं घेतलं, "जपून जा, न्ताते" म्हणाला. एवढंच. एरवी तो खिडकीत वाकून बोलायचा. रस्ताभर न्तातेंनी आरशात मागे पाहिलं नाही.

सेईपातीला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग, ती ज्या कामासाठी शिकली होती त्या कामाची खुमखुमी आली. ती अंगणात दगडावर बसून विचार करू लागली. गाडीतून उतरल्यावर पहिल्या काही क्षणांत न्तातेंचे दोन्ही हात दुसऱ्याचे असतात. डोळे दुसऱ्याचे असतात. कान त्याच्या बोलण्याकडे असतात. आणि तिचं अ‍ॅप नेमकं त्याच क्षणी हात, डोळे, कान सगळं मागत होतं. पार्किंगमध्ये तिने पाहिलेले बाकीचे लोकही तसेच. कुणी फोनवर होतं, कुणी पोराचं बोट धरून, कुणी "दुमेला" म्हणत. विसरत कुणीच नव्हतं. त्या क्षणी ते रिकामे नसायचे.

मग ऐकायचं काम फोननेच करायचं. करोलाचं दार रिमोटने कुलूपबंद झालं की "खट्" असा जाडसर आवाज होतो. फोनने तो ऐकला तर गप्प बसायचं. नाही ऐकला तर खिशातल्या खिशात हळूच थरथरायचं, कुणाला कळणार नाही असं.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने अंगणात न्तातेंना कामाला लावलं. फोन खिशात घालून रिमोटने गाडी बंद करायची, उघडायची, बंद करायची. आवाजाचे नमुने गोळा करायचे होते. पण घर रस्त्यालगत होतं, आणि रविवार होता.

"दुमेला, म्मे!" खट्.

"दुमेला, अबुती! पोरगी आली का?" खट्.

"न्ताते, थोडा वेळ गप्प बसाल? सगळ्या नमुन्यांत तुमचा आवाज येतोय!"

"माणूस जातोय समोरून, पोरी. मी काय खांब आहे?"

शेजारणी कुंपणाशी जमल्या. "मापित्सो, नवऱ्याला काय झालं? गाडीला सोडेना!" एक म्हणाली.

"दाराशी लग्न लावतोय," म्मे मापित्सोने घरातून उत्तर दिलं. "मला बोलावलं नाही अजून."

संध्याकाळी सेईपाती नमुने ऐकत बसली. दुमेला, खट्. दुमेला, खट्. ती ते नमस्कार कापून टाकायला निघाली होती, आणि मध्येच थांबली. स्वच्छ "खट्" न्तातेंच्या आयुष्यात कधी येणारच नव्हता. फोनला नमस्कारातूनच खट् ओळखायला शिकवायला हवं होतं. तिने एकही नमुना कापला नाही. उलट आईला आणि शेजारणींना बोलवून आणखी नमस्कार भरून घेतले. ओरडणारा आपला आवाज मात्र काढून टाकला.

"थरथरलं की काय करायचं?" फोन खिशात घालताना न्तातेंनी विचारलं.

"हँडल ओढायचं," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं की मूळ गाठ तशीच आहे.

"टोपी राहिली म्हणून सांगून परत जायचं," म्मे मापित्सोने सुचवलं.

"खोटं बोलू? त्या पोराशी?"

पडद्यावर काय लिहायचं, रंग कुठला द्यायचा, हे सेईपातीला येत होतं. हे येत नव्हतं.

त्या गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. तिन्ही आज्या मागे दाटीवाटीने बसल्या होत्या. न्खोनो मासेबाताच्या टोपीसाठी आणि जाकिटासाठी बाकीच्या बायकांनी मिळून कापड आणलं होतं आणि आजीने ते स्वतः शिवलं होतं. आज पहिल्यांदाच ती ते घालणार होती. प्रार्थनेनंतरच्या चहाला बिस्किटं हवी होती, म्हणून न्तातेंनी वाटेत सुपरमार्केटला गाडी लावली. आज्या उतरल्या. टोप्या मागच्या काचेशी पांढऱ्याशुभ्र मांडून ठेवलेल्या. नवं लाल जाकीट सीटवर घडी करून.

लेबेको आला, पण सावकाश. शनिवारपासून त्याचा हात आधीसारखा पुढे येत नव्हता. न्तातेंनीच आपला पुढे केला. अंगठ्याने रिमोट दाबला, किल्ली खिशात.

"दुमेला, अबुती."

"दुमेला, न्ताते. बरे आहात?"

"बरा आहे. तू सांग. आई..."

सेईपाती आज्यांच्या पिशव्या घेऊन चार पावलांवर होती. बोलता बोलता न्तातेंची उजवी भुवई किंचित वर गेलेली तिला दिसली. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. फोन थरथरला होता. तिच्या तोंडून "न्ताते, दार!" बाहेर पडायलाच आलं होतं. तिने जीभ दातांत धरली. त्या जाकिटाकडे मात्र तिची नजर गेली. ते गेलं की किल्लीही गेली.

न्ताते क्षणभर लेबेकोकडे बघत राहिले. त्याचा हात त्यांनी सोडला नाही. उलट डावा हातही त्यावर ठेवला आणि, जुने दोस्त बोलत बोलत चालतात तसे, त्याला घेऊन गाडीकडे वळले.

"चल जरा माझ्याबरोबर."

"कुठे, न्ताते?"

"माझं चुकतंय, लेबेको. रोज गाडी तुझ्या भरवशावर टाकतो आणि निघून जातो. बंद आहे की उघडी, हेही तुला सांगत नाही. उद्या काही गेलं तर लोक माझ्याकडे बोट नाही दाखवणार. हिरव्या जाकिटाकडे दाखवतील. भट्टीवर पावाची गाडी माझ्या हवाली करताना मालक माझ्यासोबत चारी बाजूंनी फिरायचा. तुझ्या हवाली करायची तर नीट केली पाहिजे. तूच बघ ओढून."

लेबेकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मोकळ्या हाताने हँडल ओढलं.

दार उघडलं. अगदी सहज.

दोघंही उघड्या दारासमोर हात धरून उभे राहिले. लेबेकोच्या तोंडून डोंगरातली एक सणसणीत शिवी निघाली. लगेच आज्यांचं भान आल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला. मग दोन बोटं तोंडात घालून त्याने अशी काही शीळ घातली की पार्किंगच्या पलीकडच्या टोकाची हिरवी जाकिटं धावत आली. दोन रांगा सोडून उभी असलेली एक राखाडी गाडी सुरू झाली आणि सामान न घेता, घाईघाईत फाटकाबाहेर गेली.

"बघितलीत?" लेबेको म्हणाला. "सकाळपासून उभी होती. मला वाटलं बायकोची वाट बघतोय."

न्तातेंनी किल्ली दारात घालून हाताने फिरवली. खट्. लेबेकोने चारही दारं एकेक करून ओढली, पाचव्यांदा डिकी. मग गाडीच्या टपावर थाप मारली. "आता माझ्या ताब्यात. जा तुम्ही, न्ताते." आणि मग, जरा वेळाने, "आईचा गुडघा बरा आहे. मघाशी सांगितलं नाही मी."

"मोहापी!" न्खोनो मासेबाता दुकानाच्या दारातून ओरडली. "किती वेळ त्या पोराचा हात धरून उभा राहशील? मागणी घालतोयस का? बिस्किटं संपतील, प्रार्थनाही संपेल!"

प्रार्थना सुरू झाली तेव्हा सेईपाती न्तातेंबरोबर बाहेर गाडीतच बसली होती. आतून पहिलं भजन आलं, न्खोनो मासेबाताच्या जाड्याभरड्या, वर जाताना थोड्या घसरणाऱ्या आवाजातलं. न्तातेंनी काच खाली केली.

"कशाने कळलं तुम्हाला काय करायचं ते?" तिने विचारलं.

"कळलं कुठे? हात सोडवेना, एवढंच. मग त्याला नेलं बरोबर." मग त्यांनी फोन काढून तिच्यापुढे धरला. "हे जरा हळू थरथरव. गुदगुल्या होतात. हसलो असतो तर सगळं बिघडलं असतं."

घरी आल्यावर तिने थरथर कमी केली. थरथर झाल्यावर "दार ओढून पाहा" असं दाखवणारा एक पडदा तिने बनवून ठेवला होता. त्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि तो पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या चौघांच्या फोनवर तिने अ‍ॅप चढवलं आणि सांगितलं, खिशात थरथरलं की दाराकडे जा. कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पित्सोचा फोन त्याच आठवड्यात आला. न्तातेंनी त्याला लेबेकोबद्दल सांगितलं, राखाडी गाडीबद्दल, नव्या जाकिटाला मासेबाताने आतून कसं अस्तर लावलंय त्याबद्दलही. पित्सो मध्ये मध्ये काही म्हणायला बघत होता. शेवटी त्याला संधी मिळाली.

"आणि किल्ली, न्ताते?"

"खिशात आहे की," न्ताते म्हणाले. "उद्या मासेबाताला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. तू कधी येतोस?"